टेप ड्राइव्हवर वारंवार येणारा ‘६’: दोष टेपचा, ड्राइव्हचा की आदल्या रात्रीचा?

सकाळी सर्व्हर रूमचं दार उघडलं की पहिली नजर टेप ड्राइव्हच्या, म्हणजे रात्रीचा बॅकअप चुंबकीय टेपवर लिहिणाऱ्या यंत्राच्या, पुढच्या चिमुकल्या डिस्प्लेवर जाते. तिथे अंधार असला तर चहा मागवायचा. तिथे ‘६’ पेटलेला असला तर त्या दिवशीचा चहा थंडच होतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात हा ‘६’ दर आठवड्याला हजेरी लावायचा. ड्राइव्ह साफ करणारी क्लीनिंग टेप घातली की जायचा आणि पुढच्या आठवड्यात ये रे माझ्या मागल्या. तो का येत होता हे शोधायला आम्हाला दोन महिने लागले. खरं तर चार दिवसांत सापडायला हवं होतं. तुमच्याकडेही असंच काही चाललं असेल तर पुढचं वाचा.

आधी आमचं गाडं सांगतो. कोकणातली मध्यम आकाराची पतसंस्था. एक एलटीओ-६ ड्राइव्ह (एलटीओ हा बॅकअप टेपांचा प्रकार, ६ ही त्याची पिढी), एसएएस जातीच्या केबलने सर्व्हरला जोडलेला. तेव्हा सोमवार ते शुक्रवार अशा पाच टेपा होत्या, प्रत्येकीवर वाराचं लेबल. रात्री अकराला बॅकअप सुरू होतो आणि तीनच्या सुमारास संपतो. खात्यांचा डेटाबेस आणि स्कॅन केलेली कर्जप्रकरणं मिळून पावणेदोन-दोन टेराबाइट. सकाळी शिपाईमामा रात्रीची टेप पिशवीत घालून दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत ठेवायला न्यायचे आणि येताना त्या वाराची टेप घेऊन यायचे.

‘६’ यायचा तो गुरुवारच्या टेपवर. म्हणजे दिसायचा शुक्रवारी सकाळी. आम्ही काय केलं, तर गुरुवारची टेप फेकली आणि नवी घातली. दोन आठवडे बरे गेले आणि तिसऱ्या गुरुवारी पुन्हा ‘६’. मग दुसऱ्या कंपनीची नवी टेप आणली. पुन्हा तेच. ड्राइव्ह बदलायचा खर्च साहेबांसमोर ठेवायची वेळ आली, तेव्हा कुठे डोकं ताळ्यावर आलं.

डिस्प्लेवरचं अक्षर म्हणजे काय

आयबीएमच्या एलटीओ ड्राइव्हवर, आणि आयबीएमचाच ड्राइव्ह आत असलेल्या इतर ब्रँडच्या खोक्यांवर, एकच अंक किंवा अक्षर दिसतं. १ म्हणजे ड्राइव्ह तापलाय. २ म्हणजे वीजपुरवठा नीट नाही. ३ म्हणजे फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर), ४ म्हणजे फर्मवेअर किंवा ड्राइव्ह. ५ आला की ड्राइव्हचं हार्डवेअर गेलं असं समजून सर्व्हिसवाल्याला फोन लावायचा. ६ म्हणजे ड्राइव्ह किंवा टेप, दोघांपैकी कुणीही. ७ म्हणजे तीच शंका, पण बोट जास्त करून टेपकडे. ८ म्हणजे ड्राइव्ह किंवा सर्व्हरकडे जाणारी बस, थोडक्यात केबल आणि कार्ड. ९ टेप लायब्ररीशी, म्हणजे टेपा आपोआप बदलणाऱ्या कपाटाशी, बोलणाऱ्या जोडणीचा, सुटा ड्राइव्ह असेल तर तुमच्या वाट्याला सहसा येत नाही. इंग्रजी ‘सी’ दिसला तर हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, साफ करा, ‘जे’ म्हणजे न चालणारी टेप घातलीत, ‘पी’ म्हणजे टेपला लिहिण्याचं कुलूप आहे, ‘ई’ म्हणजे एन्क्रिप्शनची भानगड.

एचपीच्या ड्राइव्हवर अंक नसतात, दिवे असतात. ड्राइव्हचा, टेपचा आणि क्लीनिंगचा असे वेगवेगळे, आणि त्यांच्या नारिंगी लुकलुकण्यावरून ओळखायचं. तुमच्याकडे कुठला ड्राइव्ह आहे ते आधी बघा. एकाचा अर्थ दुसऱ्याला लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘६’ हा कोड गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. लिहिताना किंवा वाचताना इतकी गडबड झाली की ड्राइव्हने हात टेकले, एवढंच तो सांगतो. हात कुठल्या टेपवर टेकले हे तुम्हाला कळतं. त्याची तयारी आधी कुठल्या टेपने करून ठेवली हे कळत नाही. आम्ही नेमके इथेच फसलो.

डिस्प्लेच्या मागे आणखी दोन थर असतात

पहिला थर टेपअलर्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांचा. ड्राइव्हमध्ये १ ते ६४ असे झेंडे असतात आणि जे लागू होईल ते वर होतात. रोजच्या कामाचे मोजकेच आहेत. ३ म्हणजे वाचता-लिहिताना न सुटणारी चूक, ४ म्हणजे टेपच खराब, ५ वाचन फसलं, ६ लेखन फसलं. ७ म्हणजे टेपचं आयुष्य संपलं. १५ म्हणजे कार्ट्रिजमधली (टेपच्या प्लॅस्टिकच्या खोक्यातली) मेमरी चिप वाचता येत नाही. १८ म्हणजे टेपवरची अनुक्रमणिका बिघडली, हा बहुधा लिहिणं चालू असताना वीज गेल्यावर दिसतो. २० म्हणजे आत्ताच्या आत्ता साफ करा, २१ म्हणजे साफ करायची पाळी आली आहे, २२ म्हणजे तुमची क्लीनिंग टेप संपली आहे. ३० आणि ३१ हार्डवेअरचे, ३२ जोडणीचा, ३६ तापमानाचा.

डिस्प्लेवरचा ६ आणि टेपअलर्टचा ६ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गल्लत करू नका. सर्व्हिसवाल्याला फोनवर नुसतं ‘सहा आलाय’ म्हणालात तर तो पहिल्यांदा हेच विचारेल.

हे झेंडे लिनक्सवर ‘टेपइन्फो’ किंवा ‘एसजी-लॉग्स’ या आज्ञांनी दिसतात. विंडोजवर आयबीएमचं आयटीडीटी किंवा एचपीचं लायब्ररी अँड टेप टूल्स वापरा. एक खोच मात्र आहे. बहुतेक ड्राइव्हमध्ये झेंडा एकदा वाचला गेला की खाली उतरतो. तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरने रात्रीच वाचून टाकला असेल, तर सकाळी तुम्हाला सगळी शून्यं दिसतील आणि तुम्ही म्हणाल, ड्राइव्ह तर ठणठणीत आहे. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये शोधा, तिथे तो लिहिलेला असतो.

दुसरा थर सेन्स कोडचा, म्हणजे काय चुकलं ते ड्राइव्ह सर्व्हरला कळवतो त्या क्रमांकाचा. तो तीन आकड्यांत येतो. पहिला आकडा म्हणजे चुकीची जात. २ तयार नाही, ३ माध्यमाची म्हणजे टेपवरची चूक, ४ हार्डवेअर, ५ चुकीची आज्ञा, ६ लक्ष द्या काहीतरी बदललंय, ७ लिहायला मनाई, ८ पुढे कोरी टेप. उरलेले दोन आकडे तपशील देतात. आमच्या लॉगमध्ये दर वेळी ३/०सी/०० असायचं, म्हणजे टेपवर लिहिता आलं नाही. वाचता आलं नसतं तर ३/११/०० दिसलं असतं. ०९ ने सुरू होणारा तपशील म्हणजे हेडला टेपवरची वाट सापडत नाही. ३०/०० म्हणजे न चालणारी टेप, २७/०० म्हणजे कुलूप, ५३/०० म्हणजे टेप आत जाताना किंवा बाहेर येताना अडकली.

सेन्स ६/२९/०० बॅकअपच्या मधोमध दिसला तर टेपला हात लावू नका. ड्राइव्ह किंवा बस मध्येच रीसेट झाली आहे. केबल, कार्ड आणि वीज बघा.

विंडोजवाल्यांना हे आकडे सरळ दिसत नाहीत. त्यांना दिसतं त्यांचं भाषांतर: इनपुट-आउटपुट डिव्हाइस एरर. त्याचा विंडोजमधला क्रमांक १११७. २३ म्हणजे सीआरसी, डेटा वाचला पण पडताळणीत जुळला नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ७ हा खराब ब्लॉकचा, ११ कंट्रोलरचा आणि १५ डिव्हाइस तयार नसल्याचा. ११ वरचेवर येत असेल तर मी आधी केबल बदलतो, मग बाकीचं.

रजिस्टर

कोडांचा अर्थ कळला तरी आमचा ‘६’ काही जाईना. शेवटी शंभर पानी वही घेतली आणि रोज एक ओळ लिहायला लागलो. तारीख, टेपचं लेबल, बॅकअप किती वेळ चालला, किती डेटा गेला, दुरुस्त झालेल्या चुका किती, डिस्प्लेवर काय, क्लीनिंग केलं का.

‘दुरुस्त झालेल्या चुका’ हा रकाना महत्त्वाचा. एलटीओ ड्राइव्ह लिहितो आणि लगेच मागच्या वाचन हेडने ते वाचून बघतो. नीट उमटलं नसेल तर तोच मजकूर थोडा पुढे पुन्हा लिहितो. आपल्याला कळतही नाही, बॅकअप ‘यशस्वी’ म्हणूनच संपतो. पण या दुरुस्त्यांची मोजदाद ड्राइव्ह ठेवत असतो आणि ‘एसजी-लॉग्स’मध्ये लेखन-चुकांच्या पानावर ती दिसते. दुरुस्त्या वाढल्या की वेळ वाढतो आणि टेप लवकर भरते.

दोन आठवड्यांतच वहीने दाखवलं. सोमवार, मंगळवार आणि शुक्रवारी चार तास. बुधवारी साडेपाच. बुधवारच्या रकान्यात दुरुस्त्यांचा आकडा इतर दिवसांच्या कितीतरी पट. तरीही बुधवारचा बॅकअप कधीच फसला नव्हता! हिरवी खूण, सगळं छान. आणि दुसऱ्या रात्री गुरुवारची टेप ‘६’ वर आपटायची.

बुधवारची टेप हेडवर घाण सोडत होती. ती स्वतः कशीबशी निभावून न्यायची आणि गुरुवारच्या टेपला घाण झालेलं हेड मिळायचं. शुक्रवारी सकाळी आम्ही क्लीनिंग टेप घालायचो, हेड साफ व्हायचं, आणि मंगळवारपर्यंत सगळं सुरळीत. क्लीनिंगने गुण येत होता म्हणूनच खरा रोग दिसत नव्हता. आणि आम्ही दर वेळी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. दोन चांगल्या टेपा अशाच घालवल्या.

खात्री करायला एक सोपा प्रयोग केला. बुधवारची टेप सोमवारी घातली आणि बाकीच्या एकेक दिवस पुढे सरकवल्या. सोमवारचा बॅकअप साडेपाच तासांत ‘यशस्वी’. मंगळवारी रात्री ‘६’.

एक आकडा सांगतो म्हणजे एका टेपने एवढं कसं होतं ते कळेल. एलटीओ-६ च्या टेपची पट्टी ८४६ मीटर लांब आणि अर्धा इंच रुंद असते. ती पूर्ण भरायला तिला हेडसमोरून १३६ फेऱ्या माराव्या लागतात, एकदा या टोकाकडून, एकदा त्या. गुणाकार करा, ११५ किलोमीटर होतात. टेप पूर्ण भरली तर पुण्याहून साताऱ्याला जाईल एवढी पट्टी एका रात्रीत हेडला घासून जाते. तिची कड कुठे खरखरीत असेल तर ती काय सोडून जाईल याचा अंदाज बांधा.

टेप हातात घेऊन बघा

कार्ट्रिजचं छोटं सरकतं दार बोटाने बाजूला करायचं आणि आत बघायचं, पट्टीला हात न लावता. तिथे एक धातूची बारीक पिन असते. ड्राइव्ह हिलाच पकडून पट्टी बाहेर ओढतो. ती दोन्ही खाचांत सरळ बसलेली हवी. तिरकी असेल तर ती टेप ड्राइव्हमध्ये घालूच नका, आत अडकेल आणि हेडच्या आधी पकडीचा आकडा मोडेल. मग गुंडाळीकडे बघा. कड आरशासारखी सपाट दिसायला हवी. एखादा वेढा बाहेर आलेला, कडेला लाटा, दारापाशी काळसर भुकटी, यापैकी काही दिसलं तर टेप बाजूला.

बुधवारच्या टेपमध्ये गुंडाळीच्या मधे एक वेढा केसभर वर आलेला होता. बॅटरीच्या उजेडात तिरकं धरल्यावर दिसला. मी ती टेप टेबलावर ठेवली, तेवढ्यात मामा आत आले.

“ही ना सर? ही जरा खुळखुळते.”

“म्हणजे?”

“बाकीच्या धरल्या की गप असतात. ही पिशवीत वाजते. जूनमध्ये जिन्यावर पिशवी सुटली ना माझ्या हातून, तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाहीत मामा?”

“विचारलंच नाहीत. आणि चालत तर होती की.”

मामांचं काही चुकलं नव्हतं. वरून बघितलं तर कार्ट्रिजवर ओरखडासुद्धा नव्हता. पण पडलेली टेप ही पडलेलीच टेप. आतली फिरकी सरकते, वेढे एकमेकांवरून घसरतात, आणि पुढच्या वेळी वर आलेली कड वाटेतल्या रुळांवर चिरडली जाते. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: पडली का?

तुमच्याकडे ‘६’ आला तर मी कुठल्या क्रमाने जाईन

आधी काहीही बंद-चालू करू नका. बॅकअपचा लॉग आणि ड्राइव्हचा डम्प (त्याच्या आतल्या नोंदींची फाइल) काढून ठेवा. ड्राइव्ह रीसेट केला तर आतली माहिती पुसली जाऊ शकते आणि मग सर्व्हिसवाला फक्त खांदे उडवतो.

मग फसलेली टेप बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे बघा. त्यानंतर ‘सी’ किंवा झेंडा २० असेल तर एकदा क्लीनिंग. एकदाच. पुढे कोरी, चांगली, त्या ड्राइव्हला चालणारी टेप घाला आणि तिच्यावर चाचणी चालवा. ड्राइव्हच्या आतल्या चाचण्या टेपवर लिहितात, तेव्हा कामाची टेप घालून चाचणी सुरू केलीत तर त्यावरचा डेटा गेला म्हणून समजा. कोऱ्या टेपवर चाचणी पास झाली तर संशय टेपांवर. कोऱ्या टेपवरही साफ हेडने ‘६’ आला, आणि दुसऱ्या कोऱ्या टेपवरही, तर ड्राइव्ह. एवढ्यावरच थांबू नका. फसलेल्या टेपच्या आधी ड्राइव्हमध्ये कुठली टेप होती ते काढा. मागच्या आठवड्यांतही ‘६’ च्या आधी तीच होती का बघा.

संशयित टेप ‘खात्री करून घेऊ’ म्हणून दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये घालायचा मोह होतो. दुसऱ्या शाखेत एक आहे, तिथे टाकून बघू! टाकू नका. घाण पसरवणारी टेप असेल तर तिथलं हेडही खराब होईल, मग तिथल्या टेपा, आणि महिन्याभराने दोन्ही शाखांत ‘६’. तिच्यावरचा डेटा हवाच असेल तर एकदाच वाचून दुसऱ्या माध्यमावर उतरवा आणि लगेच क्लीनिंग करा.

क्लीनिंग टेपचं खूळ

आमच्याकडे माझ्या आधीच्या माणसाने ‘दर सोमवारी क्लीनिंग’ असा कागद ड्राइव्हवर चिकटवला होता. कागद काढला. एलटीओ ड्राइव्ह स्वतः सांगतो साफ करायला कधी हवं. क्लीनिंग टेपची पट्टी हेडला घासते, तेच तिचं काम. विनाकारण घासलं तर हेड झिजतं. बहुतेक क्लीनिंग कार्ट्रिज ५० वेळा चालतात. नंतर ती संपते, आत घातली तरी साफ करत नाही, झेंडा २२ वर येतो आणि ‘सी’ तसाच राहतो. दर सोमवारी घातली तर वर्ष पुरत नाही. प्रत्येक वेळी कार्ट्रिजवर पेनाने एक रेघ मारा. आमच्या कपाटात सापडलेल्या क्लीनिंग टेपवर रेघा नव्हत्या आणि ती कधीचीच संपलेली निघाली.

स्पिरिटचा बोळा, फडकं, हवेची नळी यातलं काहीही हेडपाशी नेऊ नका. आणि कुणी सांगितलं की जुन्या टेपा चुंबकाने पूर्ण पुसून नव्यासारख्या करता येतात, तर हात जोडा. एलटीओ टेपवर कारखान्यातच वाट दाखवणाऱ्या सर्व्हो पट्ट्या लिहिलेल्या असतात. चुंबकाने त्याही पुसल्या जातात आणि कुठलाही ड्राइव्ह त्या परत लिहू शकत नाही. टेप कायमची निकामी.

पावसाळा आणि डिक्की

बुधवारच्या टेपचं पडणं हे मूळ कारण, पण आमच्याकडे ते पावसाळ्यात जास्त का छळायचं यालाही उत्तर आहे. मामा स्कूटरच्या डिक्कीत टेप आणायचे. बाहेर कोंदट हवा, ओला रेनकोट शेजारी, आणि इथे सर्व्हर रूममध्ये एसी बाविसावर. टेप आली की आम्ही लगेच ड्राइव्हपाशी ठेवायचो, कधी सरळ आतच घालून ठेवायचो. गार खोलीतून बाहेर नेलेल्या टेपवर दमट हवेतला ओलावा धरतो आणि ओलसर पट्टी हेडला चिकटू बघते. एप्रिल-मेमध्ये उलटं. उन्हात उभ्या स्कूटरची डिक्की उघडताना हाताला जी वाफ लागते ती आठवा. चालू वापरातल्या टेपला ४५ अंशांच्या वर चालत नाही.

आता टेप प्लॅस्टिकच्या डबीसकट हवाबंद डब्यात जाते-येते, डबा पायापाशी, डिक्कीत नाही. आणि आदल्या दिवशीच आणून सर्व्हर रूममध्ये ठेवली जाते. २४ तास खोलीच्या हवेला सरावू द्या असं टेप बनवणारेही सांगतात. यासाठी आम्हाला पाचाऐवजी सहा टेपांचा फेरा करावा लागला, एवढाच खर्च.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या टेपा ही वेगळी गोष्ट. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी भरलं तेव्हा कितीतरी कपाटं बुडाली. अशी टेप वाळवून ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हेअर ड्रायर तर मुळीच लावायचा नाही. डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यायची.

‘६’ नसलेले, पण ‘६’ समजून ओरड होणारे

‘जे’ सगळ्यात जास्त. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेपा वाचायचे आणि एक पिढी मागच्यांवर लिहायचे. एलटीओ-८ ने ही सवलत कमी केली, तो फक्त ७ आणि ८ घेतो. एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. नवा एलटीओ-८ ड्राइव्ह आणला, जुना भंगारात दिला, आणि ऑडिटच्या वेळी एलटीओ-६ ची टेप उघडायची वेळ आली, ही तक्रार मला वर्षातून दोनदा तरी ऐकू येते. त्यावर कुठलंही क्लीनिंग नाही. जुना ड्राइव्ह जपून ठेवा.

एलटीओ-९ ची नवी कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मोजमापं घेत बसतो. साधारण चाळीस मिनिटं, कधी दोन तासांपर्यंत. अडकला म्हणून बटण दाबत बसू नका.

‘८’ आणि केबल. एसएएस केबल कपाटाच्या मागे काटकोनात दाबलेली असते, तिथेच बघा. ड्राइव्ह ‘रेड’ कार्डाला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला, जोडला असेल तर ते कार्ड टेप ड्राइव्हला चालतं का हे तपासा, पुष्कळांना चालत नाही. साधं एसएएस कार्ड लावलं की महिनोन्‌महिन्यांचे रीसेट थांबलेले पाहिले आहेत.

लिनक्सवर दुसऱ्या मशीनवर टेप वाचताना ‘मेमरी मिळत नाही’ असं आलं तर रॅम वाढवू नका. टेपवरचे ब्लॉक मोठे आहेत आणि तुम्ही लहान घास मागताय. टार ही लिनक्सची टेप वाचायची-लिहायची आज्ञा स्वतःहून १०,२४० बाइटचा घास घेते. टेप २५६ केबीच्या ब्लॉकने लिहिलेली असेल तर तेवढा मोठा सांगावा लागतो. ड्राइव्हचा ब्लॉक शून्यावर, म्हणजे बदलत्या मापावर ठेवा.

आणि टेप आत अडकली तर स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. पट्टी मधेच असेल तर गुंडाळून परत यायला काही मिनिटं लागतात. बाहेर काढायचं बटण एकदा दाबून थांबा. तरी नाही आली तर आयबीएमच्या ड्राइव्हवर तेच बटण दहा सेकंद दाबून धरलं की ड्राइव्ह रीसेट होतो. ती परत गुंडाळायला लागल्याचा आवाज येईल. आला नाही तर सर्व्हिसवाला.

आमच्या बुधवारच्या टेपवरून आधी जे वाचता आलं ते डिस्कवर उतरवलं, मग तिच्यावर लाल पेनाने फुली मारली. ती अजून माझ्या खणात आहे. नवा कुणी कामाला लागला की त्याच्या हातात देतो आणि चांगल्या टेपशेजारी कानाशी धरून हलवायला सांगतो. पहिल्यांदा कुणालाच फरक ऐकू येत नाही, मामांना सोडून.